वितळू न दिलेला बर्फ : एका दूध संकलन केंद्रातील उष्णतेचा हिशोब

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील कमी पावसाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावातले आहे. गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. मी त्याच गावचा. तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि घरी दोन म्हशी असल्याने गावच्या दूध संस्थेचा सभासदही आहे. पुढे जे घडले त्यात मी सल्ला देणारा होतो, आणि एका महत्त्वाच्या ठिकाणी चुकलेलाही मीच होतो.

संस्थेकडे संध्याकाळी साधारण ३२० लिटर दूध जमा होत असे, म्हणजे ४० लिटरचे आठ ॲल्युमिनियमचे कॅन. संकलन साडेपाचला सुरू होऊन साडेसातला संपे आणि आठच्या सुमारास दुधाचा टेम्पो येऊन सगळे कॅन तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर घेऊन जाई. मार्चअखेर त्या मार्गावरची रात्रीची फेरी बंद झाली. संध्याकाळचे दूध आता गावातच ठेवून पहाटे सहाच्या गाडीने पाठवावे लागणार होते, आणि ही अडचण नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर उभी राहिली.

धार काढताना दूध जनावराच्या अंगाइतकेच, म्हणजे ३७-३८ अंश सेल्सिअसला असते. किटलीतून केंद्रावर येऊन कॅनमध्ये पडेपर्यंत ते ३४ अंशांच्या आसपास उतरते. ताज्या दुधात जिवाणूंना थोडा वेळ थोपवून धरणारे नैसर्गिक घटक असतात, परंतु उन्हाळ्यात त्यांचा आधार दोन-तीन तासांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर कोमट दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि दूध आंबते. म्हणूनच दुग्धव्यवसायात कच्चे दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवावे असा दंडक आहे. आमच्या केंद्रात मात्र रात्री दहा वाजतासुद्धा खोलीतली हवा ३१-३२ अंशांवर असे.

समस्या

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात शीतकरण केंद्रावरील उकळी चाचणीत आठपैकी तीन कॅन नापास झाले. परीक्षानळीतले दूध उकळताच फाटले आणि तीन कॅन परत आले. लहान संस्थेला हा फटका सोसण्यासारखा नव्हता, कारण परत आलेल्या दुधाचे पैसे अखेर सभासदांच्याच बिलातून कापले जातात.

दूध थंड ठेवले पाहिजे हे कोणालाच सांगावे लागले नाही. प्रश्न होता तो ‘थंड ठेवणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा. संस्थेत ‘डिग्री’ हा शब्द रोज वापरला जातो, पण तो दुग्धमापीच्या वाचनासाठी. दूध घट्ट आहे की त्यात पाणी आहे, हे त्यावरून ठरते. तापमानाची नोंद कुठेच नव्हती आणि तापमापकही नव्हता. कॅनला हात लावून तो गार लागतो की नाही, एवढीच परीक्षा होती.

मला बोलावण्यापूर्वीचे दोन प्रयत्न

सचिवांनी पहिला उपाय केला तो बाटल्यांचा. गावातल्या दोन शीतपेयांच्या दुकानांतील फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून, बाहेरून स्वच्छ धुऊन, प्रत्येक कॅनमध्ये एक याप्रमाणे सोडण्यात आल्या. फ्रीजरचे तापमान शून्याखाली १५ अंश असल्याने एवढी गार वस्तू दुधाला गार करणारच, असा सगळ्यांचा समज होता. एका सभासदाच्या मुलाने शाळेतून तापमापक आणला होता; बाटलीला टेकवून धरल्यावर तो १४ अंश दाखवत होता. सर्वांचे समाधान झाले. सकाळी दोन कॅन नासले होते.

दुसरा उपाय बर्फाच्या लादीचा. तालुक्याच्या बर्फ कारखान्यातून सुमारे ५० किलोची लादी आणून ती कॅनच्या दोन रांगांमध्ये ठेवण्यात आली, आणि रात्रीत वितळून वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर गोणपाटाचे तीन थर गुंडाळण्यात आले. सकाळी गोणपाट उघडले तेव्हा जवळजवळ अर्धी लादी शिल्लक होती. बर्फ वाचला याचा आनंद गाडी येईपर्यंतच टिकला, कारण त्या दिवशी चार कॅन परत आले.

ही उरलेली अर्धी लादी मी स्वतः पाहिली आहे. ओलसर गोणपाटाखाली ती काचेसारखी स्वच्छ, कडा गोलावलेली, जमिनीला चिकटून बसली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दूध आंबत होते. या सगळ्या प्रकरणाचा उलगडा त्या दृश्यात आहे. लादी शून्य अंशावर होती हे खरे, परंतु तिने दुधातली उष्णता घेतलीच नव्हती.

मूळ गोंधळ : किती गार आणि किती उष्णता

तापमान म्हणजे वस्तू किती गरम वा गार आहे याची पातळी. उष्णता म्हणजे जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाणारी ऊर्जा. पातळीतला फरक उष्णता कोणत्या दिशेने जाईल आणि किती वेगाने जाईल ते ठरवतो. एकूण किती उष्णता हलवायची आहे, हे मात्र वस्तूचे वस्तुमान, तिची विशिष्ट उष्माधारकता (एक किलोचे तापमान एका अंशाने बदलायला लागणारी उष्णता) आणि तापमानात हवा असलेला बदल यांवर अवलंबून असते. संस्थेत आतापर्यंत फक्त पहिला प्रश्न विचारला गेला होता : गार करणारी वस्तू किती गार आहे? दुसरा प्रश्न, म्हणजे दुधातून एकूण किती उष्णता काढायची आहे, कोणीच विचारलेला नव्हता.

मी हिशोब किलोकॅलरीत मांडला, कारण एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने बदलायला एक किलोकॅलरी लागते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कधीतरी शिकवलेले असते. दुधासाठी हा आकडा थोडा कमी, सुमारे ०.९३ आहे. ४० लिटर दुधाचे वजन ४१ किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका कॅनचे तापमान एका अंशाने उतरवायला ३८ किलोकॅलरी आणि आठ कॅनसाठी मिळून सुमारे ३०५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. ३४ वरून आम्ही लक्ष्य धरलेल्या १२ अंशांवर यायचे तर २२ अंशांचा फरक, म्हणजे एकूण ६,७०० किलोकॅलरी.

आता बाटली पाहू. बाटलीत ९०० ग्रॅम बर्फ धरला, तर उणे १५ वरून शून्यापर्यंत येताना तो ७ किलोकॅलरीदेखील घेत नाही, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या निम्मीच असते. वितळताना तो ७२ घेतो आणि वितळलेले पाणी ३१ अंशांपर्यंत तापताना आणखी २८. बेरीज १०७. कॅनमधल्या दुधाचे तापमान त्यामुळे ३ अंशांनीसुद्धा उतरत नाही. तापमापकाने दाखवलेले १४ अंश हे बाटलीला लागून असलेल्या दुधाच्या पातळ थराचे तापमान होते. संपूर्ण कॅनचे नव्हते.

या आकड्यांतली एक गोष्ट सभासदांना सर्वांत अनपेक्षित वाटली. फ्रीजरचे ‘उणे १५’ ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती, त्याचा वाटा नगण्य निघाला आणि ज्या वितळण्याला सगळे घाबरत होते, त्याचा वाटा सर्वांत मोठा. एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळून शून्य अंशाचेच पाणी होताना ८० किलोकॅलरी घेतो. त्याचे तापमान मुळीच बदलत नाही, म्हणूनच या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही गोष्ट प्रयोगाने दाखवली आणि उष्णता व तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत हे स्पष्ट केले. वितळलेला बर्फ हा वाया गेलेला बर्फ नसतो. वाया जातो तो हवेने आणि जमिनीने वितळवलेला. आमच्या लादीचे नेमके तेच झाले होते : वितळलेल्या २५ किलोंनी घेतलेल्या २,००० किलोकॅलरींपैकी बहुतेक भाग खोलीतून आला आणि ते पाणी फरशीवरून गटारात गेले. ती सगळी उष्णता दुधातूनच निघाली असती, तरी दूध साडेसहा अंशांनीच उतरले असते.

विचारात घेतलेले पर्याय

स्वतःचा बल्क कूलर, म्हणजे दूध साठवून गार करणारे विजेवरचे यंत्र, घ्यावा, ही मागणी जुनी होती आणि रास्तही होती. परंतु त्यासाठी लागणारे भांडवल, थ्री फेज जोडणी आणि मंजुरी या उन्हाळ्यात होणे शक्य नव्हते.

बर्फ थेट दुधात टाकण्याची सूचना अध्यक्षांनी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना आण्णा म्हणतो त्यांनीच, लगेच मोडीत काढली. बर्फ वितळला की दुधात पाणी मिसळले, डिग्री घसरली आणि दूध भेसळीचे ठरले. शिवाय कारखान्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही.

बर्फात मीठ घालावे हा मुद्दा जास्त वेळ चालला. यात्रेतला कुल्फीवाला मीठ घालतो, मग आपण का नको, हा प्रश्न अगदी योग्य होता. मिठामुळे मिश्रणाचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत जाते आणि फरक वाढल्याने उष्णता वेगाने खेचली जाते. कुल्फीवाल्याला दूध गोठवायचे असते, ते शून्य अंशाच्या बर्फाने गोठणारच नाही, म्हणून त्याला मीठ हवे. आम्हाला फक्त १२ अंश हवे होते, आणि एक किलो बर्फ एकूण जेवढी उष्णता घेतो त्यात मीठ काहीही भर घालत नाही. कॅनच्या कडेला दूध गोठण्याचा आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाण्याचा धोका वेगळाच. मीठ बाजूला पडले.

ओल्या गोणपाटाचा पर्याय मला स्वतःला फार जवळचा वाटत होता, कारण माठ ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात, बर्फाच्या वितळण्याच्या सातपट. कोरड्या हवेत हे फुकटचे शीतकरण आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला तेव्हा हवा ३५ अंश असताना तो २१ वर थांबला. याचा अर्थ गोणपाट त्या संध्याकाळी २१ च्या खाली जाणार नव्हते, आणि कॅन एकदा त्याहून गार झाला की तेच गोणपाट उलट त्याला उष्णता देऊ लागणार होते. म्हणून ते केवळ संकलन चालू असतानाच्या प्रतीक्षेसाठी ठेवायचे ठरले.

उरला तो बर्फपाण्याचा हौद. केंद्राच्या मागे पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद असा जुना सिमेंटचा हौद होता. त्यात कॅन मानेपर्यंत पाण्यात उभे करायचे आणि फोडलेला बर्फ त्या पाण्यात सोडायचा. पाणी कॅनला सगळीकडून भिडते, त्यामुळे हवेपेक्षा कितीतरी लवकर उष्णता वाहून नेते; आणि आधी दूध, मग कॅन, मग पाणी, मग बर्फ अशी उष्णतेला सलग वाट मिळते. याच पर्यायावर एकमत झाले.

पहिली रात्र आणि माझी चूक

मी ७५ किलो बर्फ सांगितला. माझा हिशोब असा होता की प्रत्येक किलो ८० किलोकॅलरी वितळताना घेईल आणि वितळलेले पाणी १२ अंशांपर्यंत तापताना आणखी १२; या दराने ७३ किलोत काम भागते. हौदात विहिरीचे पाणी भरले, आठही कॅन उतरवले, लादी फोडून टाकली.

रात्री दहा वाजता सचिवांनी कॅनच्या बाहेरून हात फिरवला आणि म्हणाले, “सर, कॅन चांगला गार लागतोय की.” कडेला सोडलेला तापमापक १६ दाखवत होता. मी झाकण काढून ढवळणीने दूध खालीवर तीन-चारदा हलवले आणि पुन्हा वाचन घेतले. पारा आमच्या डोळ्यांदेखत चढत २१ वर जाऊन थांबला. कॅनच्या मध्यातले दूध अजून कोमटच होते. त्याहून गंभीर बाब ही, की बर्फ संपला होता आणि पाण्याचे तापमानही २० च्या आसपास होते. पुढे आणखी उतार मिळण्याची शक्यताच उरली नव्हती.

चूक मला घरी जाताना उमगली. हौदात कॅनखेरीज चारशे लिटर पाणी होते आणि ते २६ अंशांचे होते. बर्फाने दुधाबरोबर तेही गार केले, आणि एका अंशाला ३०५ किलोकॅलरी मागणाऱ्या दुधाशेजारी ४०० मागणारे पाणी बसले होते. उष्ण वस्तूंनी गमावलेली उष्णता ही थंड वस्तूने ग्रहण केलेल्या उष्णतेइतकी असते, हे तत्त्व मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मात्र या हौदात ‘उष्ण वस्तू’ एक नसून दोन आहेत, हे मी धरलेच नव्हते. समीकरण पूर्ण मांडले तेव्हा उत्तर सुमारे १९ अंश आले. भिंतींतून शिरलेली उष्णता धरली तर आम्हाला मिळालेले २१ अगदी अपेक्षितच होते. सकाळी एक कॅन परत आला. दुसऱ्या दिवशी मी सभासदांसमोर हा हिशोब पहिल्यापासून मांडला आणि कुठे चुकले ते सांगितले. काहींना बर्फाचे पैसे बुडाल्याचे वाईट वाटले आणि ते साहजिक होते.

बदललेली मांडणी

तीन बदल झाले. हौदात विटांची आडवी भिंत घालून रुंदी अडीच फुटांवर आणली. आठ कॅन दोन रांगांत दाटीने बसू लागले आणि मोकळे पाणी सुमारे १६० लिटर उरले. बाहेरच्या बाजूने लाकडी भुशाची पोती रचली आणि वर थर्माकोलचे पत्रे ठेवले. म्हणजे गोणपाट लादीवरून निघून हौदाभोवती आले : उष्णता जिथून यायला हवी ती वाट मोकळी आणि जिथून यायला नको ती बंद.

दुसरा बदल टप्प्यांचा. विहिरीचे पाणी २६ अंशांचे असल्याने ते दुधाला १२ वर कधीच नेणार नाही, पण ३४ वरून २८ पर्यंत ते फुकटात आणते. भरलेला प्रत्येक कॅन आधी विहिरीच्या वाहत्या पाण्यात ढवळत ठेवायचा आणि नंतरच बर्फाकडे न्यायचा असे ठरले. याचा आणखी एक फायदा झाला. सुरुवातीला साडेसातचा शेवटचा कोमट कॅन थेट बर्फपाण्यात उतरवला की आधी गार झालेल्या कॅनचे तापमान दोन-तीन अंशांनी पुन्हा चढत असे. तो प्रकार थांबला.

तिसरा बदल म्हणजे सकाळी हौद रिकामा न करणे. रात्रभरानंतरही पाणी १६-१७ अंशांवर असे. वितळलेल्या बर्फाचे वाढीव पाणी तेवढे काढून उरलेले झाकून ठेवले, की दुसऱ्या संध्याकाळी हौदाची सुरुवात २६ ऐवजी १९-२० वरून होई.

परिणाम

तेवढ्याच ७५ किलो बर्फात दूध रात्री नऊपर्यंत १३-१४ अंशांवर येऊ लागले आणि सकाळी गाडी येताना ते १६ च्या आसपास असे. ४ अंशांच्या दंडकापासून हे दूर आहे, हे मान्यच केले पाहिजे. तरीही जिवाणूंची वाढ मंदावण्यास ते पुरेसे ठरले : पुढच्या पाच आठवड्यांत फक्त दोन कॅन परत आले, दोन्ही एकाच रात्रीचे, ज्या दिवशी बर्फाची गाडी साडेनऊला पोहोचली.

वेगळे काय करता आले असते

बर्फ मागवण्याआधी एक संध्याकाळ केवळ मोजमापात घालवायला हवी होती. दूध, विहिरीचे पाणी, हवा आणि हौद यांची तापमाने हाती असती, तर चारशे लिटर पाणी माझ्या नजरेतून सुटले नसते. ढवळून घेतलेले वाचन आणि न ढवळता घेतलेले वाचन यांतला फरक पहिल्याच दिवशी, बाटल्यांच्या वेळी, दिसला असता.

दुसरी गोष्ट मला अधिक सलते. मी सगळे लक्ष उष्णतेवर ठेवले आणि परत आलेल्या कॅनवरचे क्रमांक उशिरा पाहिले. त्यांत तेच दोन कॅन वारंवार येत होते. तळाला पोचे आलेले, ज्यांच्या खाचांत दुधाचा अंश राहत होता. थंडीने जिवाणू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते. सुरुवातीलाच भरपूर जिवाणू असलेल्या कॅनला १४ अंश अपुरे पडतात. ते दोन कॅन एप्रिलमध्येच बदलले असते तर पहिल्या रात्रींचे नुकसान नक्कीच कमी झाले असते.

बल्क कूलरचा प्रस्ताव आता पुन्हा संस्थेपुढे आला आहे. ३२० लिटर दूध ३४ वरून ४ अंशांवर आणायचे, म्हणजे ९,००० हून अधिक किलोकॅलरी काढायच्या, आणि आमच्याकडे रात्रीची वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. परवाच्या बैठकीत विक्रेत्याचा माणूस यंत्र किती अंशांपर्यंत उतरते ते सांगत होता. आण्णांनी त्याला मध्येच थांबवून विचारले, “भरलेल्या दुधासकट तिथवर यायला तास किती लागतात, ते सांगा.” त्याने कागद मागवून घेतो म्हणून सांगितले आहे.